पहिला वानोळा

"काकू, ज्यानं सोताहून पत्ता देला नाही त्याले मेल धाडता येत नाही," छाया म्हणाली.

"पैदा मी केला त्याले. मले कोणाची परवानगी पाह्यजे?"

छाया शेजारच्या चिंतामणभाऊंची सून. माझ्या ज्वारीच्या बिबड्यांची, म्हणजे पापडांची, जाहिरात ईमेलनं करायची, ही तिचीच टूम. खामगावच्या प्रदर्शनात गिऱ्हाइकांनी वहीत आपापले पत्ते लिहून दिले होते. सगळ्यांच्या वर मी माझ्या सागरचा घालायला लावला. बिबडे वाळले की पहिला वानोळा घरच्या माणसाला जातो, मग विक्री. आमच्या जळगाव जामोदात तरी असंच आहे.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, इराला, मी म्हणाले होते की जिला बिबडा थापता येत नाही तिचं माझ्या घरात काय काम. त्याच दुपारच्या एसटीनं दोघं पुण्याला गेली. त्यानं फोन नंबरही बदलला. कॉलेजच्या एका जुन्या कागदावर ईमेल तेवढा राहिला होता.

मजकूर मी सांगितला: बिबडे वाळले, ज्याला हवेत त्यानं कळवावं, रुक्मिणीबाई. छाया म्हणाली, जरा गोड लिहा. मी म्हणाले, गोड पाहिजे त्यानं जिलबी घ्यावी.

कोणी मेल उघडला ते फोनवर दिसतं म्हणे. रोज संध्याकाळी ती यायची. मी नावं खालून वर विचारत जायचे, म्हणजे सागरचं शेवटी यायचं. त्या नावापाशी ती नुसती नकाराची मान हलवायची. पाचव्या दिवशी म्हणाली, उघडला, चार वेळा.

सहाव्या दिवशी ती दारातच थांबली.

"काकू, पुण्याहून ऑर्डर आली. इरावहिनीच्या नावानं."

पत्ता नवा होता. पैसे पूर्ण भरले होते. खाली सूचनेच्या चौकोनात एक ओळ होती, ती छायानं वाचून दाखवली: तिखट चालणार नाही, घरात दोन वर्षांची मुलगी आहे.

मी विचारलं, "अजून काय लिहेल हाय?"

"काहीच नाही, काकू."

पैसे परत पाठव, मी म्हणाले. वानोळा विकत नसतात. सकाळी बिनतिखटाचं पीठ शिजवलं आणि ओल्या फडक्यावर वाटीएवढे बिबडे थापले. दोन उन्हं दाखवून खोक्यात भरले. पत्ता छायाला लिहू दिला नाही. माझं अक्षर वाकडं, पण मीच लिहिला. वर इराचं नाव, मग सागरचं. त्याखाली नातीच्या नावासाठी एक ओळ कोरी सोडली.