बटणांच्या डब्यातली न्याहारी

झाकणाला पोचा आलेला जुना पत्र्याचा डबा काय मोठं आयुष्य सांगणार, असं वाटतंय ना? मित्रांनो, जरा बसा. माझ्या झाकणावरचा कोंबडा आता निम्माच उरला आहे, पण मला सगळं आठवतं.

माझा जन्म नाताळच्या धामधुमीत झाला. एका यंत्राने मला दाबलं, दुसऱ्याने वाकवलं, लाल तुऱ्याचा कोंबडा छापला आणि माझ्या पोटात मध-आल्याची बिस्किटं भरली. काय तो थाट! पण सण सरला, बिस्किटं संपली आणि मी रिकामा झालो. आमच्या पोलंडमधल्या वूच शहरात, कापडाच्या गिरण्यांच्या गावात, रिकाम्या डब्याला बटणांशिवाय दुसरं काय मिळणार? मी शिलाईच्या कारखान्यात स्तेफामावशीच्या टेबलावर येऊन बसलो.

स्तेफामावशी म्हणजे सगळ्या हॉलची मावशी. मशीनच्या खडखडाटावर तिचा आवाज चढायचा. कुणी बटण मागितलं की "कोंबड्याला विचारून घे गं!" म्हणत ती माझं झाकण खाडकन उघडायची. मला किती भारी वाटायचं!

मग शेजारच्या मशीनवर लुत्सिना आली. पांढऱ्या सदऱ्यांच्या कॉलरी शिवणं हे कारखान्यातलं सगळ्यात मानाचं काम, आणि ते तिने आपल्या हातांच्या सफाईवर मिळवलं होतं. पुढे तिला दिवस गेले. आनंदच होता, पण त्याबरोबर भूकही आली. साधीसुधी नव्हे! पहाटे घरून खाऊन निघायची, पण कारखान्यातल्या मधल्या न्याहारीच्या सुट्टीआधीच तिचे हात थरथरायला लागायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. सुईखाली बोट गेलं तर? आणि हात थरथरतात हे वर कळलं, तर कॉलरीवरून उठवून तिला गोदामात घड्या घालायला पाठवणार. लुत्सिनाला आपली जागा सोडायची नव्हती. मुळीच नाही!

हॉलमध्ये खायला मात्र सक्त मनाई. चुरा पडला की उंदीर येतात आणि उंदीर आले की कापड गेलं, असं सुपरवायझर बोगुमिलाबाईंचं म्हणणं.

"मावशी, तुमचा डबा द्या ना," लुत्सिना हळूच म्हणाली. "वर बटणं, खाली माझा पाव."

"घे की. कोंबडा कुणाला सांगत नाही."

पण पहिल्याच दिवशी घोटाळा! भूक मोठी, म्हणून तिने पावावर डुकराच्या चरबीचा जाड थर लावून आणला होता. आमच्याकडे कामाला जाताना आजही बरेच जण तोच नेतात, पोटात टिकतो म्हणून. तिने घाईघाईत दोन घास खाल्ले, आणि अंगठा थेट पांढऱ्याशुभ्र कॉलरीवर उमटला.

बोगुमिलाबाईंनी कॉलर उजेडात धरली. मग माझं झाकण उघडलं. बटणं चरबीने चकाकत होती.

"शिलाईचा हॉल आहे की खाटकाचं दुकान?" असं म्हणून त्यांनी मला कपाटात कोंडलं आणि किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवशी मी अंधारात कान देऊन बसलो होतो. खडखडाट चालू होता. अचानक एक मशीन थांबलं आणि धप्प आवाज झाला. लुत्सिना खुर्चीवरून घसरली होती.

"पाणी आणा गं! पाय वर करा तिचे!" हा मावशीचा आवाज.

"उद्यापासून हिला गोदामात पाठवते," बोगुमिलाबाई म्हणाल्या. "उगाच माझ्या डोक्याला ताप."

"मी जाणार नाही." हा लुत्सिनाचा आवाज. "मला आजार नाही, बाई, भूक आहे. मध्येमध्ये थोडं खाल्लं की माझे हात स्थिर राहतात. चरबी आणली ही माझी चूक. आता कोरडं आणीन. अक्रोड, सुके आलुबुखार, सोललेलं अंडं. खिडकीपाशी उभी राहून खाईन, हात धुईन, मगच कापडाला हात लावीन. डाग पडला तर माझी मी गोदामात जाईन."

"आणि उंदीर आले तर?"

"उंदरांचं तू बोलूच नकोस, बोगुमिले!" मावशी कडाडली. "पोटुशीला खायला नाही म्हणणाऱ्याचे कपडे उंदीर कुरतडतात, हे तुझ्या आईने सांगितलं नाही तुला? आणि इथे तर बघावं तिकडे कपडेच कपडे!"

सगळा हॉल खदखदून हसला. बोगुमिलाबाई हसल्या नाहीत.

"मी दोन पोरं पोटात घेऊन याच हॉलमध्ये उभी राहिले. मला विचारलं होतं कुणी, भूक लागली का म्हणून?"

मावशीची खुर्ची करकरत मागे सरली.

"नाही विचारलं," मावशी म्हणाली. "चुकलंच आमचं. म्हणून तर लोणच्यातल्या काकडीसारखी आंबट झालीस!"

आणि मित्रांनो, किल्ली फिरली! उजेड आला.

"एक डाग," बोगुमिलाबाई म्हणाल्या, "एक डाग दिसू दे फक्त."

नाही दिसला! बटणं बरणीत गेली. लुत्सिनाने मला सोड्याने लखलखीत घासलं आणि खिडकीत मांडलं. तिचा हात जरा मंदावला की मावशी मशीनमागून "कुकूऽऽच कू!" करायची. मग लुत्सिना उठायची, चार अक्रोड खायची, हात धुऊन परत कॉलरीला भिडायची.

एका सकाळी माझ्यात सोललेली अंडी निघाली, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली.

"मावशी, तुम्ही ठेवलीत?"

"मी? माझ्या कोंबड्या कधीच्या सूपमध्ये गेल्या!"

हॉलची किल्ली एकाच बाईकडे असायची. ती बाई त्या वेळी एक कॉलर अगदी नाकाला लावून तपासत होती. पण कोंबडा कुणाला सांगत नाही. माझं झाकण घट्ट आहे.

लुत्सिना रजेवर जाईपर्यंत कॉलरीच शिवत राहिली. तिला मुलगी झाली. पुढे मावशी घरी बसली, बोगुमिलाबाईही निवृत्त झाल्या, आणि मला सगळे विसरले. माझ्यात तुटक्या सुया पडल्या, कडेला गंज चढला. वाईट वाटायचं हो!

काल मात्र काज करणारी नवी पोरगी मशीन थांबवून दोन्ही हात टेबलावर दाबून बसली. सुपरवायझर लगेच उठली. तिने माझ्यातल्या सुया ओतल्या, गंज खरवडला, मला घासलं आणि आत अक्रोड घालून तिच्यापुढे ठेवलं. ते हात मी कुठेही ओळखीन. लुत्सिनाच ती!

मित्रांनो, मला रंगवू नका की कपाटात शोभेला ठेवू नका. शेजारी कुणाचे हात थरथरताना दिसले, तर तिने मागायची वाट न बघता माझं झाकण उघडा.

आणि हो, चरबी नको!