सात मिनिटांचं पाणी

‘निष्काळजी खलाशी’ हे दोन शब्द भावनाने इतक्या जोरात खोडले की मसुद्याचं पान फाटलं. शब्द तिचे नव्हते, उन्मेष सरांचे होते. सर तिचे मार्गदर्शक, आणि शोधनिबंध दोघांचा: अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान पन्नास वर्षांत किती वाढलं.

जुन्या नोंदी मालवाहू जहाजांवरच्या. खलाशी कॅनव्हासची बादली समुद्रात सोडून वर ओढायचा, अधिकारी तिच्यात थर्मामीटर बुडवून आकडा लिहायचा. एका जहाजाच्या १९८१ सालच्या दुपारच्या नोंदी मात्र सकाळ-संध्याकाळपेक्षा जवळजवळ अर्ध्या अंशाने थंड निघाल्या. भर दुपारी समुद्र थंड! तशाच ठेवल्या तर तापमानवाढ उगाच फुगलेली दिसणार.

“बादली ओढून गप्पा मारत बसला असेल कोणीतरी,” सर म्हणाले होते. “टाकून दे तीनशे नोंदी.”

भावनाने सरांना सांगितलं नव्हतं, पण त्या जहाजाचं नाव तिला पाठ होतं, आणि दुपारची बादली कोण ओढायचं तेही. तिचे बाबा. ‘समुद्राचा ताप मीच पाहत होतो’ हे ऐकत ऐकतच ती संख्याशास्त्रापर्यंत पोचली होती. आता राग सरांवर जास्त की बाबांवर, हे तिचं तिलाच कळेना.

घरी आली तेव्हा तिचे बाबा आनंदराव अंगणात कुलरमध्ये पाणी ओतत होते. मे महिना, वाळ्याच्या ताट्या दिवसातून तीनदा भिजवाव्या लागत. तिने चप्पलसुद्धा काढली नाही.

“बाबा, जहाजावर बादली वर काढल्यावर तुमी काय करत होते?”

“काय करनार? सेकंड आफिसर सायबाले देत होतो.”

“लगेच?”

आनंदरावांनी उरलेलं पाणी ताटीवर ओतलं.

“खरं सांगा. बिडी ओढत बसत होते ना? तुमच्या साऱ्या नोंदी थंड निघून राहिल्या. फेकून द्या लागते त्या!”

“मी बिडी कधी ओढली वं?”

“मग पानी थंड काहून झालं?”

ते पायरीवर बसले. रिकामी बादली दोन्ही हातांनी बाजूला सरकवली.

“त्या सायबानं पयल्याच दिवशी आडनाव इचारलं. मंग मनला, बादली दारापाशी ठेव अन् दूर हो. मंग तो दुसऱ्या खलाशाले खालून बोलवे. तो आला का बादली आत जाये, तवा थर्मामीटर बुडे. तवरिक मी उभा.”

भावनाला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली.

“समुद्राचं पानी, बाबा?”

“समुद्राचंच. मी काढलं म्हनून बाटलं.”

“अन् तुमी ऐकून घेतलं?”

“नाही तं. सायब, वाऱ्यावर पानी थंड होऊन राहिलं, आकडा चुकते, असं तीनदा सांगतलं त्याले. नागपूरचा आहो मी, मले कुलर समजत नाही का?” ते कोरडं हसले. “तो मनला, तू आपलं काम कर.”

“किती वेळ उभं राहत होते?”

“सात मिनिटं.”

“इतकं नक्की कसं?”

“दारावर घड्याळ होतं. दुसरं पाहाले काय होतं तिथं?”

“आमाले कधीच नाही सांगतलं.”

“लेकराले काय सांगाचं? समुद्राचा ताप पाहत होतो, तेवढं सांगतलं. ते बी खरंच आहे.”

कॅनव्हासची ओली बादली वाऱ्यात दर मिनिटाला किती निवते, याचं सूत्र संशोधकांकडे असतंच. दुसऱ्या दिवशी भावनाने त्यात सात मिनिटं भरली. थंड दुपार सकाळ-संध्याकाळला येऊन चिकटली. पडद्याकडे बघताना तिला आनंद झाला नाही, उलट दात-ओठ खावेसे वाटले. त्या साहेबाचा विटाळ चाळीस वर्षं समुद्राच्या आकड्यांत जाऊन बसला होता, आणि निष्काळजी कोण ठरलं होतं?

सर मात्र खूश झाले.

“वा! तीनशे नोंदी वाचल्या की. ‘हाताळणीतील विलंब’ असं लिहून टाकू.”

“कारण लिहू या, सर.”

“शास्त्रीय निबंधात जातपात कशाला आणतेस?”

“मी नाही आणली. ती नोंदींत होतीच. ‘निष्काळजी’ लिहिताना तुम्ही विचारलं होतं का, पाणी थंड का झालं म्हणून?”

सरांनी चष्मा काढून पुसला.

“बरं, पण याला आधार काय? संदर्भ कोणाचा देणार?”

भावनाने संगणक स्वतःकडे वळवला आणि संदर्भांच्या यादीत एक ओळ टाइप केली: मेश्राम, आनंदराव देवाजी. डेक खलाशी. प्रत्यक्ष मुलाखत. साहेबाने विचारलेलं ते आडनाव तिने सर्वांत आधी लिहिलं.

सरांनी ती ओळ वाचली. मग ते निबंध वर सरकवत पहिल्या पानावर गेले, जिथे लेखकांमध्ये पहिलं नाव भावना मेश्राम होतं. पुन्हा खाली आले.

“विलंब किती मिनिटांचा म्हणालीस?”

“सात,” भावना म्हणाली. “दारावर घड्याळ होतं.”