तोफेची शनिवारची कबुली

पप्पा गेले ते एक्क्याण्णवाव्या वर्षी, दुपारचं जेवण झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या. आई भांडी विसळत होती. नंतर येईल त्याला ती सांगत राहिली, "अहो, मला वाटलं डोळा लागलाय. पण घोरणं ऐकू येईना, तेव्हाच ओळखलं." कारण या माणसाचा आवाज नाही असा क्षण त्या घरानं कधी बघितलाच नव्हता.

गल्लीत त्यांना 'तोफ' म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण तोंडावर म्हटलं असतं तरी काय बिघडलं असतं? ऐकू कुठे येत होतं! तरुणपणी ते तोफखान्यात होते, आणि लढाईत तोफेशेजारी उभं राहून राहून आधी डावा कान गेला, मग उजव्यानंही हात टेकले. "शत्रूची काय बिशाद! आपल्याच तोफेनं मारलं मला," असं ते हसत हसत सांगायचे, आणि ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. लढाईवरून आल्यावर त्यांनी घराखालीच कुलुपांचं दुकान टाकलं. कुलूप उघडल्याचा खटका त्यांना ऐकू येत नसे, तो बोटांना कळायचा. पाच पोरं, एक बायको, एक दुकान आणि चर्चमधली रोजची मिस्सा-प्रार्थना, यात माणूस आकंठ बुडालेला. रविवारी सकाळी पाचही पोरं दारात उंचीप्रमाणे उभी राहायची, बूट आणि नखं तपासली जायची, आणि मगच पलटण चर्चकडे निघायची. प्रार्थनेत मात्र पलटणीचा म्होरक्या सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे. सगळ्यांचं 'आमेन' म्हणून झालं की एकट्याचं 'आमेन' यायचं, ते असं की नवा पाहुणा धर्मगुरू असेल तर जागच्या जागी उडायचा.

आता शनिवारचं सांगायला हवं. उतारवयात दर शनिवारी संध्याकाळी पप्पा पापांची कबुली द्यायला जायचे. चर्चच्या कोपऱ्यात लाकडी खोका, मध्ये जाळी, पलीकडे फादर. पप्पांची अगदी खात्री होती की आपण कुजबुजतोय. "फादर, बायकोशी खोटं बोललो. भाजी करपली होती, मी चांगली झालीय म्हणालो!" तिसऱ्या बाकावर रांगेत बसलेली आई मान खाली घालायची. "फादर, न्हाव्याला मी मनातल्या मनात गाढव म्हणालो!" न्हावी आईच्या मागेच. पुढच्या खेपेला त्यानं पप्पांचे केस इतक्या जपून कापले की सांगता सोय नाही.

बरं, हे त्यांना सांगणार कोण? सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागलं असतं, आणि मग त्यांनी शरमेनं जाणंच सोडलं असतं. शेवटी ऑर्गन वाजवणाऱ्यानं शनिवारी त्याच वेळी सराव सुरू केला. पण ऑर्गनची धडधड खोक्याच्या फळ्यांतून पप्पांना जाणवायची आणि त्यांचाही आवाज चढायचा. दोघांची अशी जुंपायची की काचा थरथरायच्या. मग एका रविवारी फादरनी, कोणाचंही नाव न घेता, बजावलं, "दुसऱ्याची कबुली चुकून कानावर पडली, तर ती पोटातच ठेवायची. मला जितकं बंधन आहे तितकंच तुम्हाला आहे. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये!" सगळी मंडळी छताकडे बघू लागली. पहिल्या बाकावर पप्पा जोरजोरात मान डोलावत होते. प्रवचन ऐकू आलं नाही की ते तेच करायचे.

यातलं काहीही धाकटीला ठाऊक नव्हतं. ती तोवर दुसऱ्या शहरात गेली होती. स्टेशनवर माइकवरून गाड्यांच्या वेळा सांगायची तिची नोकरी. आणि तिचं चर्चशी फाटलं होतं. देव न मानणाऱ्या माणसाशी तिनं सरकारी कचेरीत सही करून लग्न केलं, त्या दिवशी पप्पा दुकान उघडून बसले. गेलेच नाहीत. पुढे येणंजाणं सुरू झालं. पप्पांनी जावयाला जेवू घातलं, तिच्या घराची सगळी कुलुपं स्वतः बसवून दिली. पण त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि तिनं तरी कसं विचारायचं? "पप्पा, माझ्यावरचा राग गेला का?" ही काय बोंब मारून विचारायची गोष्ट आहे?

तर घरात आता प्रश्न पडला, चर्चमध्ये पप्पांबद्दल बोलणार कोण? थोरल्याचं नाव निघालं आणि तिथेच विरलं. तो पप्पांच्या नव्वदीला "नमस्कार" म्हणतानाच रडला होता. मधल्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं, मग सगळ्यांनी मिळून धाकटीकडे.

"तू रोज माइकवर बोलतेस," थोरला म्हणाला.

"दादा, गाडी उशिरा येणार आहे एवढंच सांगते मी!"

पण तिच्या मनात एकच किडा वळवळत होता. राग मनात ठेवून गेले असतील, तर मी कोणत्या तोंडानं उभी राहू? कोणाजवळ तरी बोलले असतीलच. म्हणून आठवणी गोळा करण्याच्या निमित्तानं ती गल्लीत निघाली.

बेकरीवाल्या मावशींनी भरभरून सांगितलं. शटरचं कुलूप अडकलं तेव्हा पप्पा रस्त्यावर गुडघे टेकून बसले, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात जपमाळ. "कुलूप आधी उघडलं की माळ आधी संपली, देव जाणे!" मावशी डोळे पुसत हसल्या. मग धाकटीनं हळूच विचारलं, "मावशी, माझ्याबद्दल कधी काही म्हणाले का?" मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. "अगंबाई, पाव जळतोय माझा!" म्हणून त्या आत पळाल्या. भट्टी तर बंद होती.

न्हाव्याकडे तोच प्रश्न विचारला. तो गिऱ्हाईकाच्या अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून "आलोच" म्हणाला आणि मागच्या दारानं जो गेला तो गेलाच. अर्ध्या गालाचं गिऱ्हाईकही भिंतीकडे तोंड करून बसलं. ऑर्गनवाला रस्त्यात भेटला, तर धाकटीनं तोंड उघडायच्या आत म्हणतो, "मला काही माहीत नाही बुवा, मी वाजवत होतो!"

"अहो काका, मी अजून काही विचारलंच नाही!"

घरी येऊन तिनं थोरल्याला कोपऱ्यात गाठलं. तेव्हा कुठे तिला शनिवारची भानगड कळली. आधी ती पोट धरून हसली. मग एकदम थांबली.

"म्हणजे माझ्याबद्दल तिथे काहीतरी बोलले ना?"

"सांगता येत नाही गं," म्हणून थोरला रडायला लागला. त्याच्या रडण्यावरून काय कळणार, तो बूट हरवला तरी रडतो.

आई आत पप्पांच्या कोटावर पदकं लावत होती. धाकटीनं विचारताच तिनं ओठ असे घट्ट मिटले की जणू त्यांनाही पप्पांनीच कुलूप घातलंय.

"आई, मी तुझी मुलगी आहे!"

"आणि मी कॅथलिक आहे," आई म्हणाली. "मला विचारू नकोस, बाळ. फादरनी सांगितलंय."

मग धाकटीनं आपल्या डोक्यानं हिशोब लावला. कबुलीत माणूस पापच सांगतो. राग धरणं हे पाप. म्हणजे पप्पा दर आठवड्याला तिच्यावरचा राग कबूल करत होते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा धरत होते. सगळ्या गल्लीला ते ठाऊक, म्हणून सगळे तोंड लपवत पळतायत. दुसरा काय अर्थ असणार? तिला फार वाईट वाटलं. असं वाईट की जेवणही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्च खच्चून भरलं. पुढे शवपेटी, पेटीवर पदकं लावलेला कोट. धाकटी माइकसमोर उभी राहिली आणि सुरुवात तर झकास झाली. दारातली पलटण, नखांची तपासणी, मागून येणारं ते 'आमेन'. लोक हसत होते, नाक शिंकरत होते. "इथे जो बसलाय," ती म्हणाली, "त्याच्या घराचं निदान एक कुलूप तरी पप्पांनी फुकट दुरुस्त केलंय." माना हलल्या. इथे थांबायला हवं होतं. फादरनी थोडक्यात आवरायला सांगितलंही होतं. पण तिची नजर पेटीकडे गेली आणि जे बोलायचं नव्हतं तेच तोंडातून निघालं.

"पप्पांनी सगळ्यांना माफ केलं. फक्त मला नाही. माझ्यावरचा राग ते सोबत घेऊन गेले."

"नाही!"

अख्खं चर्च ओरडलं. मावशी, न्हावी, ऑर्गनवाला, थोरला, म्हातारेकोतारे, सगळे एका दमात, आणि मग आपणच दचकून सगळ्यांनी तोंडावर हात ठेवले. फादर उठून उभे राहिले. आता आपली धडगत नाही हे सगळ्यांना कळून चुकलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावर आई उठली. जन्मात ती चर्चमध्ये प्रार्थनेवाचून चकार शब्द बोलली नव्हती.

"देवा, मला माफ कर," ती आधी वर बघून म्हणाली. मग धाकटीकडे वळली. "राग नव्हता गं. पोरीच्या लग्नाला गेलो नाही, हेच पाप सांगायचे. दर शनिवारी. तुझं नाव घेऊन रडायचे."

"फादर म्हणायचे, झालं ते माफ," मागून न्हाव्याला राहवलं नाही, "तरी पुढच्या शनिवारी हजर!"

धाकटीच्या डोळ्यांना धारा लागल्या. "मग मला एकदा तरी म्हणायचं ना!"

"घाबरायचे गं तुला," आई म्हणाली. "एवढी लढाई करून आले, पण पोरगी माफ करणार नाही म्हणाली तर, या विचारानंच गळून जायचे."

"मी कशाला नाही म्हणेन?" धाकटी पेटीकडे बघत म्हणाली. "मी कशाला नाही म्हणेन, पप्पा?"

माइक चालूच होता. ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं. आणि रागवायला उठलेले फादर कोणालाही काही न बोलता खाली बसले.