स्वामी ध्यानात असताना

बंगळुराजवळच्या होसकोट्यात गोजराबाईंच्या घरी दर गुरुवारी पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं बसत. सगळ्यांचे डोळे डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर. पडद्यावर ‘स्वामी ध्यानात आहेत, थांबा’ अशी पाटी असे आणि वीस मिनिटं नुसत्या घंटा वाजत. मग स्वामी प्रकटत. “माई, सकाळी दूध नासलं. दीर रुसून गेला. मला सगळं दिसतं.” दूध खरंच नासलेलं असे. बायका भराभर हात जोडत.

या अंतर्यामी महाराजांनी एकदा फर्मावलं, “पोराच्या गोळ्या बंद. औषधानं दैवी शक्ती अडते.” गोजराबाईंचा मुलगा अभिराज बावीस वर्षांचा. त्याला नसलेले आवाज ऐकू येतात. गोळ्यांनी सावरून तो कामावर जाऊ लागला होता. गोळ्या थांबल्या आणि आठवड्याभरात झोप उडाली. आवाज त्याला गच्चीवरून उडी मार म्हणू लागले.

मी सुलभा, मानसोपचाराची डॉक्टर. बंगळुरात बसून तरुण डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर रुग्ण तपासायला शिकवते. अभिराज आमच्या मुकुलचा रुग्ण. तो मुकुलला म्हणाला, “स्वामी यायच्या आधीच फोन आमचं बोलणं ऐकतो.”

मुकुलनं लिहिलं : संशयाचा भ्रम, वाढतोय. मी खाली सही ठोकली. वीस वर्षांचा अनुभव ना माझा! आवाज ऐकणारा मुलगा फोनला कान आहेत म्हणतोय, त्यात तपासायचं काय?

पुढच्या भेटीला मुकुल माझ्या शेजारी बसून पाच मिनिटं आधीच कॉलवर आला, कॅमेरा आणि माइक बंद ठेवून. तिकडे गोजराबाई शेजारणीला सांगत होत्या, “डॉक्टर आले नाहीत अजून. गोळ्या चालू आहेत म्हणून सांगते. स्वल्प खोटं बोललं तर काय होतं?”

मुकुलचा चेहरा उतरला. “मॅडम, मी ऐकतोय आणि यांना पत्ताच नाही.” त्यानं लगेच कॅमेरा-माइक चालू केला. “अक्का, मी आहे. तुमचं बोलणं ऐकलं मी.” मग त्यानं अभिराजलाच विचारलं, “तू म्हणतोस ते खरं का, कसं बघू या?”

अभिराज म्हणाला, “मी एक थाप मारतो.”

गुरुवारी घंटा वाजत असताना, आई आत कॉफी करतेय असं बघून तो फोनजवळ हळूच बोलला, “आईच्या धाकट्या बहिणीचा पाय मोडलाय.”

स्वामी प्रकटले. “माई, धाकट्या बहिणीचा मोडलेला पाय दिसतोय मला.”

“मला बहीणच नाही,” गोजराबाई म्हणाल्या.

स्वामींचं नेटवर्क नेमकं तेव्हाच गेलं.

अभिराजनं सगळ्यांना उलगडून सांगितलं. पाटी दिसते तेव्हाही माइक चालूच असतो. पलीकडे चेले तुमच्या गप्पा ऐकून लिहून घेतात आणि स्वामी तेच वाचून दाखवतो.

पुढच्या कॉलवर गोजराबाई मुकुलवर उखडल्या. “तुम्हीपण फोनातूनच बघता. तुमच्यावर कसा भरवसा ठेवू?”

“डोळे मिटून ठेवूच नका, अक्का. मी आलो की आधी सांगेन. आणि विचारल्याशिवाय मला काही कळत नाही. गोळीनं काय फरक पडतो, ते तुम्ही बघून मला सांगायचं.”

“सरी, बरं,” म्हणत त्यांनी आमच्यादेखत मुलाला गोळी दिली.

माझ्या सहीपासून तेरा दिवस वाया गेले होते, त्यात एका रात्री तो गच्चीच्या कठड्यापर्यंत गेला होता. आवाज अजून येतात त्याला, आणि माझ्या मनातली धास्ती गेलेली नाही. मी टिपणातली ओळ खोडली, त्याची माफी मागितली. तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही एकदा तरी तपासायचं होतं, मॅडम.”

स्वामी म्हणाला म्हणून खरं नसतं, आजारी माणूस म्हणाला म्हणून खोटं नसतं. तपासा, बाबांनो. माझ्या आळसानं एक पोरगं गच्चीच्या कठड्यापर्यंत जाऊन आलंय.