पूनमसिंगचा बिल्ला

तिसरी पंचवार्षिक योजना लागली आणि वणीजवळच्या त्या खाणीत कोळशाचा आकडा दर महिन्याला वाढत चालला. वाढवणारे दिल्लीत बसलेले, त्यांच्या बापाचं काय जात होतं? माणसं अपुरी, आणि लागोपाठ दोन पाळ्या करायला कायद्याची मनाई. म्हणून लोक दुसऱ्याचा हजेरीचा पितळी बिल्ला घेऊन खाली उतरत. कोळसा वर येतोय ना, मग मॅनेजरनंही डोळ्यांवर कातडं ओढलेलं.

नजीर त्या खाणीवर गवंडीकाम करी. त्याचा धाकटा भाऊ अय्यूब त्या दिवशी आपली पाळी संपवून पूनमसिंगच्या बिल्ल्यावर पुन्हा उतरला, आणि आत आग लागली.

भोंगा वाजला. माणसं खोकत, धडपडत वर आली. अय्यूब आला नाही.

नजीरनं मॅनेजरचे पाय धरले. "साहेब, माहा भाऊ आत हाये! पूनमसिंगच्या बिल्ल्यावर गेलता!"

पूनमसिंग भोंगा ऐकून तांड्यावरून धावत आला होता. "खरं हाये साहेब," तो रडत म्हणाला, "मी घरीच होतो."

मॅनेजरनं ते कबूल केलं असतं तर त्याचीच मान अडकली असती. "पूनमसिंग तर हा समोर उभा आहे," तो म्हणाला. "आत कोणी नाही."

तरी दोघं जण शोधायला उतरले. ते विषारी वायूनं अर्धमेले होऊन परतले. आता बोगद्याचं तोंड विटांनी बंद करून आग कोंडायची, एवढंच उरलं. नाहीतर सगळी खाण पेटणार आणि तिच्यावर जगणारी वस्ती उपाशी मरणार. गवंडी एकटा नजीर.

"मले नका सांगू," तो म्हणाला.

कोणी सांगितलंच नाही. सगळे नुसते त्याच्याकडे बघत राहिले, आणि मेल्या त्या बघण्यापुढे कोणाचं काय चालतं? त्यानं थापी उचलली. वीट ठेवण्याआधी तो ओरडे, "अय्यूब, आवाज दे रे!" आतून धूर येई. शेवटी धूरही थांबला.

महिन्याअखेर दुसऱ्या भागातून आकडा पुरा झाला, पेढे वाटले गेले. न सांगता गैरहजर राहिला म्हणून अय्यूबला कामावरून काढून टाकलं.

घरी त्याच्या बायकोनं, रशीदानं, विधवेनं पाळायच्या इद्दतीला बसायला साफ नकार दिला.

"भाई, भित तुमीच बांधली ना?" ती नजीरला म्हणाली. "सख्ख्या भावावर कोणी भित बांधते का? ते आत नव्हतेच. येतीन ते. हो ना?"

नजीर हो म्हणाला.