लो आंटींचे कोरे कागद

मी बँकेत लोकांचे कागद तपासते. सिंगापूरला पाया लेबारच्या ऑफिसात दिवसभर हेच चालतं: सही जुळते का, तारीख बरोबर आहे का, मूळ प्रत कुठंय. माझ्या हाताखालच्या मुली मला टरकून असतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मरीन परेडला नवव्या मजल्यावर आमच्या शेजारी लो आंटी राहतात. वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षिका, एकट्या. अकरा वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो तेव्हा त्यांनी माझ्या मुलीला नाव विचारलं. तिचं नाव कादंबरी. अर्थ सांगितल्यावर बाई दारातच खाली बसल्या आणि म्हणाल्या, मग ही माझ्या बाबांचीच नात. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही.

त्यांचे बाबा लो वेनहान. शांघायचे. चोविसाव्या वर्षी पहिली कादंबरी लिहून नाव काढलं, मग सिनेमाच्या कथा लिहायला लागले, आणि लढाई दारात आल्यावर बोटीत बसून सिंगापूरला आले. इथे दुसरी कादंबरी लिहिली. नदीवर नाव चालवणारी एक बाई, पळून आलेल्या माणसांना रात्रंदिवस पैलतीरी नेणारी. ती पुरी झाली आणि बेचाळीसमध्ये जपानी फौजा शहरात शिरल्या. घरात चिनी लिखाण सापडलं तर माणूस उचलून नेत होते. त्यांनी आपल्या हातांनी ती चुलीत घातली, पान पान करून. लढाईनंतर पोटासाठी एक्केचाळीस सिनेमे लिहिले, त्यातल्या नायिका रडून रडून थकल्या. पण स्टुडिओतून घरी आले की ते जळलेली कादंबरी आठवून आठवून सांगायचे, आणि पंधरा वर्षांची लो आंटी लिहून घ्यायची. दोनदा पुरी झाली, दोनदा त्यांनीच फाडली. तिसऱ्यांदा राहिली. तीनशे बारा पानं, हिरव्या चौकटींच्या कागदावर. छापायला धजावले नाहीत, आणि एकोणऐंशी साली गेले. तीच एकुलती एक प्रत.

चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात पितर घरी येतात, म्हणून लोक इमारतीखाली लोखंडी पिंपात कागदी कपडे, कागदी मोबाइल, काय काय जाळतात. लो आंटी मात्र दरवर्षी हिरव्या चौकटींच्या कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा जाळतात. बाबांना तिथे लिहायला कागद कोण देणार, म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा जीव तुटला होता. आमच्या घरी पाठकोरा कागदसुद्धा कुणी टाकला नाही कधी, अख्खं बालपण मी बाबांच्या ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदांवर गणितं सोडवली.

यंदा त्यांच्या महिन्याचा शेवटचा दिवस आणि आपली सर्वपित्री एकाच रविवारी आली. आणि सोमवारी सकाळी दहाला एका ग्रंथालयाची माणसं कादंबरी न्यायला येणार होती. बाबांचं लिखाण आता नीट हातांत पडेल, छापलं जाईल, या एका गोष्टीवर बाईंनी वर्षभर जीव धरला होता. देण्याआधी स्कॅन करून ठेवा, हा माझाच आग्रह. बाहेर कुठे न्यायची नाही, या अटीवर चार आठवड्यांपूर्वी त्यांनी लिहिलेल्या पानांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. मग गणपती आले, मग ऑफिसचं ऑडिट, मग नणंद आली. उद्या करू, उद्या करू. कोऱ्या कागदांचा गठ्ठाही आमच्याकडेच होता, कारण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तो दुकानातून मीच आणला होता, पिशवीसकट टेबलावरच होता.

रविवारी सकाळी एकदाची स्कॅनरशी बसले. साठ पानं झाली आणि कुकरची शिट्टी झाली. श्राद्धाचा स्वयंपाक, वडे, खीर, सगळं व्हायचं होतं. सगळी पानं एकत्र केली आणि गठ्ठा टेबलावर पालथा ठेवला, अक्षरांवर काही सांडू नये म्हणून. बघा, केवढी मी काळजीवाहू.

दुपारी खिडकीत पितरांचं पान ठेवलं. इथे पक्ष्यांना खायला घालायला बंदी, म्हणून आम्ही आतल्या बाजूला ठेवतो आणि कावळ्याने चोरून यावं अशी आशा करतो. तो काही येईना. चारच्या सुमाराला मी कढईशी उभी होते. निशिकांत, माझा नवरा, म्हणाला की मी आंटींचं सामान खाली नेऊन ठेवतो. मी मान न वळवता सांगितलं, टेबलावरचा कोरा गठ्ठा ने, दुसऱ्याला हात लावू नकोस. पुढच्या वीस मिनिटांत मी उरलेले वडे तळले, कादंबरीवर दोनदा ओरडले, आणि ताट मांडायला टेबलाशी आले. दुकानाची पिशवी जागच्या जागी होती. आत हात घातला तर कोरे, करकरीत कागद. आणि मी गठ्ठा पालथा ठेवला होता तिथे नुसतं टेबल.

 गॅस बंद कर एवढं पोरीला सांगितलं आणि पळाले. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडलेली. नऊ मजले जिन्याने, अनवाणी, हाताला बेसन. देवा, त्याने नुसता ठेवलेला असू दे. नेऊन ठेवतो म्हणाला होता, जाळतो म्हणाला नव्हता. हे मी प्रत्येक वळणावर स्वतःला सांगत होते.

पण आमचा निशिकांत म्हणजे न सांगितलेलं काम आधी करणारा. पिंपाशी रांग होती, कुणी आजोबा म्हणाले तुझी पाळी आली, आणि हा लागला. गठ्ठा एकदम जळत नाही, सुटा करून टाक, असंही त्यांनी शिकवलं. वरून कोरा दिसला, सुटा केल्यावर चिनी अक्षरं निघाली, तर याला वाटलं मंत्र असतील, इथल्या सगळ्याच कागदांवर असतात. मी पोहोचले तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं.

मी पिंपात हात घातला. आजोबांनी मनगट धरलं. दिलेलं परत ओढायचं नसतं म्हणून ते ओरडत होते. तरी एक तुकडा हाती आला, तळहाताएवढा, कडेने काळा, त्यावर सात-आठ अक्षरं. निशिकांतला काय झालं ते माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. तो मटकन खाली बसला. मला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच क्षणी माहीत होतं की गळा माझाच धरायला हवा. चार आठवडे हातात होते. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, मी तर झोपाही अर्धाच केला होता.

लिफ्टचं दार उघडलं. लो आंटी वॉकर घेऊन बाहेर आल्या, पुढच्या टोपलीत संत्री, उदबत्त्या. निशिकांत मराठीत पुटपुटला, आज नको, त्यांची पूजा होऊ दे, उद्या सांगू. क्षणभर मलाही वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप वाटलं. पण उद्या दहाला माणसं येणार होती आणि उद्या या शब्दानेच माझा घात केला होता. मी तो तुकडा त्यांच्या हातात ठेवला आणि सगळं सांगितलं. माझं पालथं ठेवणं, माझं न वळता बोलणं, सगळं.

त्यांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला. वाचला. मग पिंपाकडे बघत उभ्या राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.  माझ्या बोटांना फोड आले होते ते तेव्हा कळलं.

"सु, तुमचा कावळा आला?" त्यांनी मला विचारलं.

मला वाटलं, धक्क्याने काहीतरी बोलताहेत. मी नाही म्हणून मान हलवली.

"आला नाही तर काय करता? मागे तू सांगितलं होतंस."

सांगितलं होतं खरं, सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा राहिलीय असं समजायचं. मग घरातल्या कुणीतरी हात जोडून, मोठ्याने म्हणायचं की तुमचं राहिलेलं आम्ही पुरं करू. मी रडत रडत हे पुन्हा सांगितलं.

त्यांनी उदबत्त्या लावल्या. संत्री मांडली. पिंपासमोर उभं राहून चिनीत काहीतरी बोलल्या, वर्गात हजेरी घेतात तशा खणखणीत आवाजात. निशिकांत अजून खालीच बसलेला होता, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला उठवलं. मग मला म्हणाल्या, वर चल.

आमच्याकडे आल्या त्या थेट टेबलाशी. वडे निवले होते, कादंबरी भेदरून भिंतीला टेकून उभी होती. आंटींनी दुकानाच्या पिशवीतून कोरा गठ्ठा काढला. मला वाटलं, हा आता जाळायला नेणार. म्हणून मी उचलायला पुढे झाले.

"राहू दे. त्यांच्याकडे आज पुष्कळ लिखाण पोहोचलंय," त्या म्हणाल्या. "कागद आता मला लागणार."

"आंटी, तीनशे पानं आहेत."

"तीनदा लिहून घेतलीय मी. फाडलेलीसुद्धा आठवते."  डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला, परत घातला. "उद्या त्या लोकांना सांग, नंतर या. किती पानं झाली होती तुझी?"

"साठ."

त्यांनी पोरीकडे पेन मागितलं. वरचा कागद सरळ केला, कोपऱ्यात आकडा घातला, एकसष्ट, आणि डोळे मिटून बसल्या. मग लिहायला लागल्या. मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि ते पान पुरं होण्याची वाट बघत स्कॅनर चालू करून ठेवला.