मूठभर की घरभर

रेडिओ स्टेशनात तिला सगळे पाठीमागे तोफ म्हणत आणि तोंडावर ताई. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर पहिलं नाव तिला जास्त आवडायचं. रोज संध्याकाळी ती 'बोला, ऐकतेय' हा कार्यक्रम चालवायची. लोक फोन करून नळाला पाणी नाही इथपासून जावई बोलत नाही इथपर्यंत काहीही सांगायचे आणि तोफ कधी त्यांची समजूत घालायची, कधी खरडपट्टी काढायची.

त्या आठवड्यात शहरात एकच विषय होता. गाण्याच्या मास्तरांना त्यांच्याच वर्गात घुसून मारलं होतं. गुन्हा काय, तर त्यांनी मुलांना सीमेपलीकडच्या लोकांचं एक अंगाईगीत शिकवलं. मारणारे तोंडं बांधून आले होते. ते स्वतःला राखणदार म्हणवून घेत. त्यांनी वाद्यं फोडली आणि मुलांच्या देखत मास्तरांच्या उजव्या हाताची बोटं मोडली.

"विषय ठरलाय," स्टेशनचे साहेब म्हणाले. "देशात कट्टर माणसं नेमकी किती? एक प्राध्यापक बोलावलेत, एक निवृत्त पोलीस अधिकारी. जुंपेल चांगली."

"त्यापेक्षा मास्तरांनाच बोलावू या की."

"नको गं बाई. ते फार अंगावर येतं."

जुंपली खरी. प्राध्यापक शांतपणे म्हणत होते, "मूठभर आहेत हो. आवाज मोठा म्हणून संख्या मोठी वाटते. बाकी समाज भला आहे." अधिकारी टेबलावर बोटं आपटत म्हणत होते, "मूठभर? माझी सगळी नोकरी यांना धरण्यात गेली. जरा खरवडलं की दर दुसऱ्या माणसात एक निघतो!" काचेपलीकडे बसलेले तंत्रज्ञ काका टेबलाच्या आवाजाने कपाळाला हात लावत होते.

तोफ ऐकत होती आणि तिचं डोकं तापत होतं. एकाचं ऐकून निवांत झोप लागावी, दुसऱ्याचं ऐकून भीतीने पांघरूण डोक्यावर ओढावं. उठून उभं राहायचं कारण दोघांपैकी एकही देत नव्हता.

तेवढ्यात काकांनी पुढचा फोन जोडून दिला.

"मी एक साधा नागरिक बोलतोय," पलीकडून आवाज आला. "तुमचे ते प्राध्यापक आम्हाला मूठभर म्हणतात, त्याचा राग आला. आम्ही घराघरांत आहोत. सरळ गणित आहे."

तोफेचा हात कानावरच्या हेडफोनवर गेला. 'सरळ गणित आहे.' शाळेत गणितात नापास होऊन आला तेव्हापासून हे पालुपद लावणारा माणूस तिच्या माहितीत एकच होता. तिचा पाठचा भाऊ. विजेची उपकरणं दुरुस्त करण्याचं दुकान चालवणारा, आईला सांभाळणारा, तिच्या मुलीच्या आजारपणात दवाखान्यात बाकावर झोपून राहिलेला तिचा धाकटा.

"आम्ही म्हणजे कोण?" तिने विचारलं. आवाज नेहमीसारखाच ठेवला.

"ज्यांना देशाची चाड आहे ते. आता मास्तरांचं जरा जास्तच झालं, मान्य. बोटं मोडायला नको होती. पण धडा—"

"तुम्ही तिथे होता?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज झाला. तोही ओळखीचाच.

"मी कुणाला हात लावला नाही."

"मी ते विचारलं नाही. तुम्ही तिथे काय करत होता?"

"बाहेरचं दार धरून उभा होतो. बस."

प्राध्यापकांच्या हातातला पेला तसाच राहिला. अधिकारी पुढे सरसावले. तोफेला वाटलं, आत्ता फोन तोडता येईल. काकांना नुसती खूण केली की झालं. घरातली गोष्ट घरात राहील, रविवारी जेवायला जाता येईल. पण मग उद्यापासून या खुर्चीवर बसून लोकांना 'खरं बोला' कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"श्रोतेहो," ती म्हणाली, "हा माझा सख्खा भाऊ आहे. मास्तरांनी यालाही गाणं शिकवलंय, फी न घेता. आता प्राध्यापक, सांगा, याला मुठीत धरायचं की मुठीबाहेर? अधिकारी साहेब, तुम्ही याला किती खरवडणार? मला मोजता येत नाही. मला एवढंच कळतं की दार धरणारा नसता तर आतल्यांचं काही चाललं नसतं."

फोन कट झाला. काकांनी गाणं लावलं.

साहेब धावतच आले. "हे काय करून बसलीस? उद्या हवेवर माफी मागायची. भावनेच्या भरात बोलले, आवाज ओळखण्यात चूक झाली, असं सांगायचं."

"चूक झालेली नाही."

"स्टेशनवर दगड पडतील!"

"मग काचा बदलू. माफी नाही मागणार."

पोलिसांनी ध्वनिमुद्रण मागितलं तेव्हा साहेबांनी 'यंत्र बिघडलं होतं' असं कळवून हात झटकले. तोफ स्वतः चौकीत गेली आणि जबाब देऊन आली. लिहून घेणारा हवालदार दोनदा म्हणाला, "बाई, भाऊ आहे तुमचा, विचार करा." ती म्हणाली, "केलाय. लिहा."

आईचा फोन आला. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "अगं, बहीण आहेस की वैरीण? एका पोटातून आलात ना?"

"म्हणूनच, आई. परका असता तर मूठभरांत ढकलून मोकळी झाले असते."

"त्याला अटक झाली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"माझ्या. मी आहे."

आईने फोन आपटला. तोफ स्वयंपाकघरात ओट्याला धरून बराच वेळ उभी राहिली. तोफ असली तरी ती आईची लेक होती. रडू आलं, तिने येऊ दिलं, मग तोंड धुतलं.

साहेबांनी तिला काढलं नाही, पण 'बोला, ऐकतेय' दुसऱ्याकडे देऊन तिला सकाळच्या हवामानाच्या बातमीवर बसवलं. वारा कुठून, ऊन किती, बस. पहिल्याच दिवशी तिने वारा सांगितला, ऊन सांगितलं आणि त्याच सुरात पुढे म्हणाली, "गाण्याच्या मास्तरांचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे आणि मारणारे मोकळे आहेत. नमस्कार." साहेबांनी फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. साहेबांनी काकांना दम भरला, "ती हवामान सोडून बोलली की आवाज बंद करायचा." तिसऱ्या दिवशी काकांचं बोट बटणावर होतं. तोफेने काचेतून त्यांच्याकडे पाहिलं आणि वाक्य सुरू केलं. काकांनी बोट उचलून कान खाजवला. वाक्य पुरं झालं.

"सांधे दुखतात हो," ते नंतर साहेबांना म्हणाले. "बोट वेळेवर वळत नाही."

लोक कामावर जाताना ते एक वाक्य ऐकण्यासाठी थांबू लागले. भाजीवाली तिला हवामान विचारेना, मास्तरांचं विचारू लागली. एका संध्याकाळी घराखाली राखणदारांची टोळी घोषणा द्यायला आली. तोफ खिडकी लावायला म्हणून उठली आणि जिना उतरून सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "ओरडताय तर तोंडं उघडी ठेवून ओरडा. आवाज ओळखायची मला सवय आहे." त्यांच्यात चुळबुळ झाली. एकाने रुमाल नाकावर आणखी वर ओढला. वरून शेजारीण ओरडली, "ताई, मी येतेय खाली!" आणि खरंच आली, हातात लाटणं घेऊन. मग तिचे सासरेही आले. टोळी शिव्या देत पांगली.

धाकट्याला पोलिसांनी दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा तो 'मला काही माहीत नाही' म्हणून परतला. तिसऱ्या वेळी तो न बोलावता गेला आणि आत गेलेल्यांची नावं देऊन आला. हे तोफेला आईकडून कळलं. आई एवढंच म्हणाली, "तो जेवत नव्हता गं. मास्तर भाजीबाजारात दिसले म्हणे, पिशवी डाव्या हातात. तेव्हापासून." त्याच्यावरही खटला चालणार होता, पण जामीन मिळाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी काळा रंग ओतून 'गद्दार' लिहिलं.

तोफ पोचली तेव्हा तो फुटपाथवर बसला होता, दुरुस्तीला आलेला एक पंखा मांडीवर घेऊन. बहिणीला बघून उठला नाही. तिनेही जवळ घेतलं नाही. त्याने जे केलं होतं ते मिठीने पुसण्यासारखं नव्हतं.

"घरी जातो मी," तो म्हणाला. "ते परत येतील."

"येऊ देत. तू मास्तरांच्या दारातून हलला नाहीस, आता स्वतःच्या दारातून कुठे पळतोस?"

त्याने पंखा खाली ठेवला. मग उठून कुलूप काढलं आणि शटर वर केलं. आतून तोफेने एक स्टूल ओढून आणलं, ते बरोबर दारात मांडलं आणि पदर खोचून बसली. समोरच्या दुकानातले लोक बघत होते. तिनेही त्यांच्याकडे टक लावून बघितलं.

थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ बिघडलेली इस्त्री घेऊन आले. फुटपाथवर ओघळलेल्या काळ्या रंगाकडे आणि दारातल्या बाईकडे बिचकून पाहत त्यांनी विचारलं, "दुकान चालू आहे का?"

"चालू आहे," तोफ म्हणाली. "या ना आत."